काळं चित्र घरी सपाट का दिसतं: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. ‘गॅलरीत खोल वाटलेलं काळं अमूर्त चित्र घरी लावल्यावर डांबर फासलेल्या पत्र्यासारखं दिसतं, वर चकाकी, म्हणून काच बसवून घेणार’ असं आपण लिहिलंत. आपला फोटो नीट पाहिला. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट कॅनव्हासवर पांढरी पट्टी होऊन उमटली आहे. घोळ तिथेच आहे.

या चित्राची खोली रंगछटांत थोडी आणि पृष्ठभागात जास्त आहे. पॅलेट नाइफने (रंग ओढायच्या पातळ पात्याने) ओढलेले ते आडवे सरी-वरंबे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उंच आहेत. वरून उजेड पडला की वरंब्याची कड उजळते आणि सरीत सावली साचते. समोरून पडला की सावलीच पुसली जाते. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज १९७९ पासून काळ्या रंगाच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या उजेडावरच काम करत होते.

छत ९ फुटांवर आणि चित्राचा मध्य ५ फुटांवर धरला, तर छताला भिंतीपासून दीड फुटावर दोन एलईडी स्पॉट लावा. चित्र ४ फूट रुंद आहे, म्हणून दोन्हींत २ फूट अंतर. ५ वॅट, ३००० केल्विन (म्हणजे उबदार, पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर, बीम म्हणजे झोताचा पसारा ३६ अंश. स्पॉट भिंतीच्या आणखी जवळ नेलात तर कॅनव्हासचा झोळही दिसू लागेल. बाजूच्या खिडकीवर भिस्त ठेवू नका; तो उजेड सऱ्यांना समांतर धावतो, सावली पडतच नाही.

काच मात्र कृपया नको. काळ्यापुढे साधी काच म्हणजे आरसा. मॅट वार्निशही नको, ते उजेड विखुरतं आणि काळा राखाडी दिसतो.

उजव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा निस्तेज डाग मात्र उजेडाचा दोष नाही, ती आमची चूक. तिथे अस्तराने, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराने, रंगातलं तेल शोषलं आहे. आयव्हरी ब्लॅक या काळ्या तैलरंगात हे वारंवार होतं, आणि चित्र पाठवण्याआधी आमच्या लक्षात यायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून क्षमस्व. त्यावर घरचं कुठलंही तेल चोळू नका, धूळ चिकटून बसेल. ओलं फडकंही नको. आमचा माणूस घरी येऊन रिटच वार्निशचा (निस्तेज भागाची चमक परत आणणाऱ्या हलक्या वार्निशचा) पातळ हात देईल, विनामूल्य. तोवर ट्यूबलाइट बंद करून, टेबललॅम्प चित्राच्या वरच्या कडेजवळ धरून एकदा पाहा. स्पॉट लावल्यावरही चित्र सपाटच वाटलं, तर ते परत घेऊन पूर्ण पैसे देऊ.