लहान शाळा तपासायला निघालात? मग एवढं कराच

परवा आमच्या जिल्हा परिषद शाळेचं मूल्यांकन झालं. पट 23, वर्ग चार, शिक्षक दोन. त्यातले सर मतदार याद्यांच्या कामाला, म्हणजे शाळेत मी एकटीच. उद्या तुमच्यावरही अशी शाळा तपासायची वेळ आली, तर अनुभवाचे चार शब्द ऐकून ठेवा.

गाडीतून उतरल्याबरोबर भिंती बघा. भिंती बोलक्या असल्या की पोरं मुकी असली तरी चालतात.

खिचडी खाऊ नका. चव रजिस्टर बघा.

‘शिक्षक एकच कसा?’ हे दरडावून विचारा, दुसऱ्याला बाईंनीच कपाटात कोंडून ठेवल्यासारखं. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय, आणि आहेतच की दोन. हजेरीपटावर.

मग खुर्ची ओढून फायली मागा. मूल्यांकनाची क्षेत्रं, मानकं, आणि जिथं तिथं पुरावा! हात धुतानाचा फोटो हवा, तोही जिओ टॅगचा. नळाला पाणी कधी आलं होतं ते विचारू नका, फोटोत दिसत नाही. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती ऑनलाइन भरली असली तरी प्रिंट मागा. प्रिंटर नाही म्हटलं की सांगा, ‘लोकसहभागातून घ्या.’ कुठले लोक हो? दिवाळी झाली की पोरं आजीपाशी ठेवून ऊसतोडीला जातात, ते? त्यांच्याकडून प्रिंटर घेऊ? आणि ज्यांना आजी नाही ती पोरं फडावर गेली, की पट का घसरला म्हणून नोटीस मला. पट 20 च्या खाली गेला तर समूह शाळेची, म्हणजे आमची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायची, धमकीही मलाच. शिकवायचं कधी ते मात्र एकाही परिपत्रकात नाही!

तिसरीतली एक पोरगी बालभारतीचं पुस्तक छातीशी धरून तासभर दारात उभी होती. जूनमध्ये तिला जोडाक्षरं येत नव्हती, आता धडा घडाघडा वाचते. साहेबांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होती म्हणून.

अहो, एकाला तरी वाचायला लावायचं! एक वजाबाकी घालायची फळ्यावर. पाच मिनिटांचं काम. दीड तास फायली चाळल्यात, भज्यांना अर्धा तास दिलात, आणि शेरा काय, तर ‘अभिलेखे अद्ययावत ठेवावेत.’ ठेवते. तिचा धडा ऐकायला कधी येताय, तेवढं सांगा.