चितारआळीत कमान नको बाबांनो

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची चितारआळी, पिंगुळीचा कळसूत्री बाहुल्यांचा ठाकरवाडा आणि दशावतारी नाटकांची गावं मिळून सरकारने एक "सांस्कृतिक क्षेत्र" जाहीर करायला पाहिजे. खाली धडाधड अंगठे, हात जोडलेले, एकाने तर ढोल पण टाकला. मी पण अंगठा दिला आणि मग वाटलं, थांब रे, आपण नक्की मागतोय काय?

कारण जाहीर व्हायची आपल्याला सवय आहे. आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला, आणि १९९७ ला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर पण झाला. तेव्हा आम्ही पोरं होतो, भारी वाटलं होतं, आता आपलं गोवा होणार वगैरे. त्यानंतर काय काय झालं ते ज्याने त्याने आपापल्या गावच्या रस्त्यावरून ठरवावं, मी त्यात पडत नाही. २०२४ ला गंजिफाला (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाकडी खेळण्यांना जीआय मानांकन मिळालं, चांगलंच झालं, आता दुसऱ्या कुठल्या माळावर बनवलेली वस्तू सावंतवाडीची म्हणून विकली तर बोलायला कागद तरी आहे. पण कागद दाखवून पांगारा मिळत नाही ना.

पांगारा म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाल फुलांचं काटेरी झाड, आमच्याकडे कुंपणाला लावायचे. लाकूड एकदम हलकं आणि मऊ, म्हणून खेळण्यातली फळं त्याची करतात. गेल्या महिन्यात पाहुणे आलेले म्हणून आळीत फळांचा सेट घ्यायला गेलो, तर ओळखीच्या दुकानात मालक स्वतः आंबा रंगवत होते. पिवळा हात मारून सुकवलेला आंबा डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, ती केशरी रंगात टेकवायची, आधी कागदावर पुसून टाकायची आणि मग देठाजवळ नुसती टिपत टिपत जायचं. टिपलं, फिरवलं, टिपलं, फिरवलं. दोन मिनिटात त्या लाकडाला पिकल्याची लाली चढली, मला तर वास येतोय असं वाटलं. तेवढ्यात एक टुरिस्ट फॅमिली आत आली, बाईंनी सेट उचलला, किंमत विचारली आणि म्हणाल्या, एवढ्याला? ऑनलाइन प्लास्टिकचा निम्म्यात येतो. मालक काही बोलले नाहीत, आंबा सुकायला ठेवला आणि काजू घेतला हातात. (खोटं कशाला बोलू, माझ्या घरी शोकेसमध्ये प्लास्टिकची द्राक्षं आहेत, बायकोने आणलेली, पण आहेत.)

मी विचारलं, लाकूड कुठून आणता आता? तर म्हणाले मिळेल तिथून, कुंपणं सगळी चिऱ्याची झाली, पांगारा लावतो कोण. आणि मुलगा? मुलगा गोव्याला, हॉटेलात. संपला विषय.

आता माझा एक भाचा अमेरिकेत मेरीलँडला असतो, त्याला फोनवर हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला मामा आमच्याकडे असले एरिये आहेतच. मग त्याने समजावलं ते मला आवडलं. तिथे २००१ पासून कायदाच आहे, गावाने किंवा शहराने अर्ज करायचा की आमचा हा हा भाग कलेचा म्हणून धरा, नकाशावर हद्द आखून. एकदा मान्य झालं की दहा वर्षांसाठी. मग त्या हद्दीत बसून जो कलाकार वस्तू बनवतो आणि विकतो त्याला त्या कमाईवर राज्याच्या इन्कम टॅक्समध्ये सूट, जुनी इमारत दुरुस्त करून कलेच्या कामाला दिली तर वाढलेल्या घरपट्टीत सवलत, आणि खेळाच्या तिकिटावरचा करमणूक कर माफ. दहा वर्षं झाली की परत अर्ज करा, दाखवा काय केलंत. म्हणजे जाहीर करणं ही तिथे सुरुवात आहे, आपल्याकडे तोच कार्यक्रम असतो, मंडप घालून.

आपल्या चितारआळीतल्या माणसाला इन्कम टॅक्सची सूट देऊन काय उपयोग नाही, तेवढी कमाई असती तर पोरगा गोव्याला गेला नसता. पण यातला मुद्दा बघा, सवलत त्या माणसाला चिकटलेली आहे जो तिथे बसून काम करतोय. आपल्याकडे पैसा आला की आधी काय होणार मला आत्ताच दिसतंय. आळीच्या तोंडाला सिमेंटची कमान, वर दोन हत्ती. मग "कलादालन", त्याचं टेंडर, त्याची फरशी, पहिल्याच पावसात गळणार आणि मग कुलूप लावून चावी शिपायाकडे. तुमच्या गावात असं एखादं कुलूपवालं सांस्कृतिक भवन नसेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, मी गाव बघायला येतो.

आणि आपल्याकडे सरळ साधा धडा घरातच आहे हो. गंजिफा जवळजवळ संपली होती, जुना जाणता असा पुंडलिक चितारी म्हणून म्हातारा कारागीर उरलेला. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी दोघं त्याच्याकडून शिकले, मग गावातल्या पोरांना बोलावून शिकवलं, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसायला जागा दिली आणि माल विकायची जबाबदारी घेतली. आजही तिथे गेलात तर बायका-मुली मान खाली घालून गोल पत्त्यावर एवढासा मत्स्य नाहीतर कूर्म काढत बसलेल्या दिसतील. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे बारा बारा, एकशेवीस पत्ते, एक सेट हाताने रंगवायचा म्हणजे काय ते हिशोब करा. जागा, रोजचं काम आणि गिऱ्हाईक, या तीन गोष्टींवर ती कला उभी राहिली.

पिंगुळीचं पण तसंच. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात म्युझियम केलं, कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगतात त्या), सगळं तिथे मांडलं. २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळे फोटो काढायला धावले, पण त्या आधीची वर्षं गोठा त्यांचा, खर्च त्यांचा. संस्थानच्या काळात ठाकर मंडळींना देवळात चित्रकथी सांगायचा मान ठरलेला असायचा, म्हणजे वर्षाचं काम बांधलेलं. तो मान गेला तिथे खरी कला आटायला लागली असं माझं मत आहे, टीव्हीला उगाच सगळे शिव्या घालतात.

म्हणून मला विचाराल तर जाहीर करा पण आळी जाहीर करा, बांधकाम नको. आळीतल्या कारागिरांच्या दुकानाची घरपट्टी माफ करा, वनखात्याला सांगा पांगारा लावायला आणि तो तोडायची परवानगी एका खिडकीवर मिळू दे, सरकारी सत्काराला शाल-श्रीफळाबरोबर जी प्लास्टिकची ट्रॉफी देतात ना तिच्याजागी जिल्ह्यातल्या प्रत्येक ऑफिसने लाकडी वस्तू घ्यायची सक्ती करा. एवढ्या एका सक्तीने आळीला वर्षभर काम पुरेल, इतके सत्कार होतात आपल्याकडे. जत्रेतल्या धयकाल्याचा, म्हणजे दशावतारी नाटकाचा, प्रश्न वेगळाच, रात्री दहानंतर स्पीकर बंद, सरकार फार तर वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि आमच्याकडे पालखीची प्रदक्षिणा होऊन नाटक उभं राहतं तेव्हाच बारा वाजून गेलेले असतात. आता यावर उपाय काय ते मला पण सुचत नाही, आजारी माणसाला झोप पाहिजे हे पण खरंच आहे.

आता घरचं सांगतो. माझे एक चुलत काका दशावतारात चाळीस वर्षं स्त्रीपार्टी करायचे. काय दिसायचे, काय रडायचे, तारामती केली की बायका पदर डोळ्याला लावायच्या. आता गुडघे गेले. सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता महिना पाच हजार आहे, म्हणून फॉर्म भरायला त्यांना एका ऑफिसात घेऊन गेलो. पुरावा द्या म्हणाले. कसला? पेपरातली कात्रणं, प्रमाणपत्रं, निमंत्रणपत्रिका. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद जागेवर रचायचे, आणि कंपनीने बोलावलं की पिशवी घेऊन निघायचं, पत्रिका कोण छापतो? काका म्हणाले, "अरे बाबा, मी पेपरात खंय येवचो? मी जत्रेत असतंय." शेवटी घरात शोधून एक फोटो नेला, नऊवारी, नथ, अंबाडा, हातात आरतीचं ताट. साहेबांनी फोटो बघितला, फॉर्म बघितला, काकांकडे बघितलं आणि म्हणाले, यात बाई आहे, अर्जदार पुरुष आहेत.

काका हसले. म्हणाले, "ह्याच तर प्रमाणपत्र." पण ते फाईलला लागत नाही.

तर यंदा परत फॉर्म भरतोय. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी भागातल्या कोणाकडे जत्रेतले जुने फोटो असतील तर जरा कपाटं उघडून बघा, रंगपटातले असतील तर फारच बरं, साडी नेसलेली पण डोक्यावर टोप अजून चढवलेला नाही, किंवा तोंडावर अर्धाच रंग आणि हातात विडी असा. फोटो मला इनबॉक्स करा, त्यातले काका कुठले ते मी ओळखेन. महिनाअखेरीच्या आत मिळाले तर बरं, नाहीतर अर्ज परत पुढच्या वर्षावर जाईल.