गेम खेळायचा नाहीये हो, बनवायचाय

मला एक गेम बनवायचाय. साधाच आहे, पावसाळ्यात किल्ला चढायचा, घसरायचं, परत चढायचं, वाटेत एक कुत्रं सोबत येतं (प्रत्येक किल्ल्यावर असतंच एक), आणि वर पोचलं की नुसतं धुकं, काही म्हणजे काही दिसत नाही. बंदूक नाही, शत्रू नाही, जळवा आहेत. इंजिन, म्हणजे ज्यात गेम बनवतात ते सॉफ्टवेअर, ठरलेलं होतं, अनरियल ५, कारण त्यात नॅनाइट नावाचा प्रकार आहे ज्याच्यामुळे लाखो त्रिकोणांचा दगड तसाच्या तसा उचलून ठेवता येतो, आणि ल्युमेन आहे ज्याच्यामुळे ढगातून झिरपणारा उजेड हाताने रंगवत बसावं लागत नाही. वर हे सगळं फुकट. गेमने दहा लाख डॉलर कमावले की त्याच्या पुढच्या कमाईवर पाच टक्के द्यायचे असतात, पण ती काळजी मी तूर्तास बाजूला ठेवलीय.

इंजिन फुकट आहे हे मी बायकोला फार उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग दीड लाख कशाचे?"

घरातला लॅपटॉप वाईट नव्हता हो, एक्सेल, ब्राउझर, मुलीचे क्लास, बिचारा सगळं करायचा. पण अनरियल उघडलं की कोपऱ्यात यायचं शेडर (दगड-धुकं पडद्यावर कसं दिसायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतायत, बाकी साडेचार हजार, मग मी आंघोळ करून यायचो, चहा घ्यायचो, पेपर वाचायचो, तोवर आकडा चार हजार दोनशेवर आलेला असायचा आणि पंखा असा किंचाळायचा की आई देवघरातून विचारायची, सकाळी सकाळी मिक्सर कोणी लावलाय. म्हणून नवीन मशीन. आणि नवीन मशीन म्हणलं की सल्ले आले.

सल्ल्यांची गंमत अशी की प्रत्येकाला फक्त "गेम" एवढंच ऐकू जातं, पुढचं क्रियापद कोणीच ऐकत नाही. भाचा म्हणाला, "मामा, व्हॅलोरंटला किती एफपीएस पाहिजेत?" (एफपीएस म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते.) म्हणलं, "अरे मला खेळायचा नाहीये, बनवायचाय." म्हणाला, "हो हो, पण मधेमधे खेळणार ना?" ऑफिसातला एकजण म्हणाला मॅक घे, त्याला काहीही विचारलं तरी तो मॅक घे म्हणतो, एकदा गुडघा दुखतोय म्हणलं तेव्हा पण मला वाटलं आता म्हणतोय. वरच्या मजल्यावरचे काका आयटीतून रिटायर झालेत, ते म्हणाले सगळं क्लाउडवर कर. आमच्या डोंबिवलीत ढग आला की आधी ब्रॉडबँड जातं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आणि आई म्हणाली, खेळायचंच असेल तर पत्ते काय वाईट आहेत.

मग मी सरळ अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीनेच काय सांगितलंय ते बघितलं. शिफारस वाचून जीवात जीव आला, चार कोरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, बस. पण तिथेच खाली त्यांनी स्वतःच्या ऑफिसात काय वापरतात ते पण दिलंय, ३२ कोरचा थ्रेडरिपर प्रोसेसर, १२८ जीबी रॅम आणि हजार वॅटचा पॉवर सप्लाय. म्हणजे पंगतीला वरण-भात आणि आतल्या घरात बासुंदी. मी खालचा तक्ता वाचायलाच नको होता असं बायकोचं मत आहे.

आता जरा कामाचं बोलतो, कारण हे कोणी नीट सांगत नाही. दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळे ग्राफिक्स कार्डाच्या मागे असतात, पण बनवणाऱ्या माणसाचा दिवस जातो तो वाट बघण्यात, आणि ते शेडर कंपाइल होणं, सी प्लस प्लसचा कोड बिल्ड होणं, हे सगळं प्रोसेसरवर चालतं. कार्ड तेव्हा निवांत बसलेलं असतं. खेळणाऱ्याला सहा-आठ वेगवान कोर भरपूर झाले, इथे मात्र जितके कोर तितकी कामं एका वेळी सुटतात. पण हे कोर रॅम खातात. बिल्डच्या एकेका प्रोसेसला साधारण दीड जीबी धरायची, म्हणजे बारा कोर जुंपले की १८ जीबी गेली, वर खुद्द एडिटर, व्हिज्युअल स्टुडिओ, ब्लेंडर, आणि हे सगळं शिकवणारे ब्राउझरमधले चाळीस टॅब. ३२ मध्ये होतं, पण गर्दीच्या लोकलमध्ये होतं तसं होतं. म्हणून ६४. आणि ते पण ३२ च्या दोन स्टिक घ्यायच्या, १६ च्या चार नाही, कारण डीडीआर-५ जातीची ही रॅम चार स्टिक लावल्या की वेग खाली आणते. हे मी बायकोला समजावलं तर म्हणाली, "एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर?"

कार्डाचं वेगळंच. तिथे नाव बघायचं नसतं, मेमरी बघायची असते, कारण माझे सगळे दगड, गवत आणि ते कुत्रं त्या मेमरीत मावायला पाहिजे. आता एनव्हिडिया कंपनीची गंमत बघा, २०२१ सालचं आरटीएक्स ३०६० घेतलं तर १२ जीबी, आणि २०२३ सालचं नवं कोरं ४०६० घेतलं तर ८. म्हणजे आकडा हजाराने वाढला आणि मेमरी चारने घटली. शेवटी ४०६० टीआयचं १६ जीबीवालं मॉडेल सापडलं, ज्याला खेळणारी मंडळी नावं ठेवतात की पैशाच्या मानाने एफपीएस देत नाही, मला एफपीएस नकोच होते, त्यामुळे आमचं जमलं. एनव्हिडियाच का, तर मला किल्ल्यावरच्या खऱ्या दगडांचे फोटो काढून त्यांचे थ्रीडी मॉडेल करायचेत आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर रिॲलिटीकॅप्चर (२०२५ पासून त्याचं नाव रिॲलिटीस्कॅन) कुडा नावाच्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर चालतं, आणि कुडा दुसऱ्या कोणाच्या कार्डावर नाही.

"मग चांगला गेमिंग लॅपटॉपच घे की, किल्ल्यावर पण नेता येईल," असं एका ट्रेकर मित्राने सुचवलं. किल्ल्यावर मी छत्री सुद्धा नेत नाही. शिवाय लॅपटॉपात ४०६० म्हणून जे कार्ड असतं ते ३५ वॅटवर पण चालवतात आणि ११५ वॅटवर पण, नाव तेच, स्टिकर तोच. किती वॅटवालं आहे हे विचारलं तर शोरूममधला मुलगा म्हणतो, "सर, चार्जर बॉक्समध्येच येतो."

तर डेस्कटॉप ठरला आणि साखळी सुरू झाली. प्रोसेसर रायझन ९ ७९००, बारा कोर, कमी वीज खाणारा, म्हणून तो ज्यात बसतो तो एएम-५ सॉकेटचा मदरबोर्ड, त्यामुळे डीडीआर-५, कार्ड लांब म्हणून मोठा कॅबिनेट, म्हणून टेबल बदला, पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, आता त्याला यूपीएस. घरात ६०० व्हीएचा होता, मी खूश, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नसतात, जेमतेम ३६० असतात, त्यात मॉनिटर धरला की बिल्डच्या ऐन मध्यावर लाइट गेली तर यूपीएस कुंई करणार आणि सगळ्यांना घेऊन जाणार. म्हणून हजार व्हीएचा. तो लावायला इलेक्ट्रिशियन आला, त्याने सॉकेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, अर्थिंग कुठाय?" वायरिंगवाल्याचं बिल मी दीड लाखात धरलेलं नाही. बायकोने धरलंय.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव पाटीवर आणि बिलावर. ग्रँट रोडला उतरल्यापासून दहा जणांनी विचारलं क्या चाहिये, लॅपटॉप, सीसीटीव्ही, प्रिंटर. एका दुकानात शिरलो, आत जागा एवढी की मालक, मी आणि एक प्रिंटर.

"गेमिंग पीसी? कौनसा गेम?"

"खेलना नहीं है, बनाना है."

"हां हां, सब बनाके देंगे. असेंबल, टेस्टिंग, विंडोज डालके."

मी परत समजावलं, माझ्या हिंदीत. त्याने फार आपुलकीने ऐकलं आणि म्हणाला, "समझ गया, एडिटिंग का चाहिये. शादी का व्हिडिओ?" मी हो म्हणलं. खरं सांगतो, तिथून पुढे सगळं सुरळीत झालं, कारण शादीवाल्यांना पण कोर लागतात आणि रॅम लागते, आणि अशा गिऱ्हाइकाला कोणी ३६० हर्ट्झचा मॉनिटर गळ्यात मारत नाही. फक्त कॅबिनेटवर अडलं. मला साधा काळा, बंद डबा पाहिजे होता. सगळे काचेचे आणि सगळ्यात दिवे. बिना लाइटवाला दाखवा म्हणलं तर म्हणाला, "ऑर्डर करना पड़ेगा, और महंगा पड़ेगा." अंधारासाठी जास्त पैसे द्यायची माझी तयारी नव्हती. त्यात प्रोसेसरच्या खोक्यात जो कूलर फुकट येतो तो पण सप्तरंगी, आणि मालक म्हणाला आता बाकीचे पंखे पण मॅचिंग घ्या, नाहीतर बरं दिसणार नाही. बिल केलं, १८ टक्के जीएसटी धरून, आणि त्याने वर एक माउस पॅड दिला, ड्रॅगनवाला.

येताना दादरला गाडी बदलून लगेजच्या डब्यात चढलो. भाजीच्या पाट्यांमध्ये मी आणि माझा खोका. एका मावशींनी विचारलं, "टीव्ही का?" म्हणलं, "कंप्युटर." "लेकासाठी?" म्हणलं, "नाही, माझ्यासाठीच. गेम बनवायला." त्यांनी मान हलवली, मेथीची जुडी सरकवून खोक्याला जागा करून दिली आणि ठाण्यापर्यंत काही बोलल्या नाहीत.

मशीन मस्त आहे. शेडर अजूनही कंपाइल होतात, पण आता चहा गरम असतानाच संपतात, त्यामुळे पेपर वाचायचा राहतो. किल्ल्याचा पायथा झालाय, एक टप्पा झालाय, कुत्रं आहे पण सध्या जमिनीच्या जरा वरून चालतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या सर्व्हरवाल्यांनी सगळी रॅम ओढली, भाव भडकले, तेव्हापासून भाचा दर रविवारी येतो आणि म्हणतो मामा तुला दोन स्टिक कशाला, एक मला दे. बायको पण म्हणते की विकली तर वायरिंग निघेल. मी कॅबिनेटचे स्क्रू जरा जास्तच घट्ट केलेत.

दिवे बंद करायचं सॉफ्टवेअर असतं, ते टाकलं, तर त्याने बोर्डाचे बंद केले, रॅमचे निळे केले आणि पंख्यांना काही सांगायला ते तयार नाही. म्हणून रात्री हॉलभर लाल-हिरवं-जांभळं फिरत असतं. मला त्याचा वैताग आला होता. आई मात्र परवा बराच वेळ त्याच्यासमोर बसली होती, मला वाटलं आता वीजबिल काढणार. तर म्हणाली, "हे गणपतीत मखराच्या मागे बसेल का रे? सोसायटीत कोणाकडे असलं लाइटिंग नाही."

इतक्या महिन्यांत स्पेसिफिकेशनबद्दलचा हा पहिला मुद्देसूद प्रश्न. मी टेप आणून मोजलं. रुंदीत बसतंय, वायर मात्र तीन फूट कमी पडतेय.