महास्फोट सिद्धांत शिकवू नये, या म्हणण्याचा प्रतिवाद

विश्वाच्या उत्पत्तीचा महास्फोट (बिग बँग) सिद्धांत शाळेत शिकवू नये, असे सांगणारा मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. ही नुसती ‘थिअरी’ आहे, ती घटना कोणी पाहिलेली नाही, शून्यात स्फोट होऊन सृष्टी घडत नाही आणि अशा शिकवणुकीने मुलांची श्रद्धा ढळते, असे त्यातले चार आक्षेप आहेत.

बोलताना आपण थिअरी हा शब्द अंदाज या अर्थी वापरतो. विज्ञानात मात्र अनेक निरीक्षणांची एकत्र संगती लावणारी आणि पडताळून पाहता येतील अशी भाकिते करणारी मांडणीच सिद्धांत ठरते.

‘कोणी पाहिले?’ या आक्षेपाला तर निरीक्षणांनीच उत्तर दिले आहे. विश्व आरंभी अतितप्त असेल, तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सर्वत्र सुमारे 5 केल्विन तापमानाच्या प्रारणाच्या रूपात उरला असला पाहिजे, असे अल्फर आणि हर्मन या शास्त्रज्ञांनी 1948 मध्ये गणिताने सांगितले होते. 1964 मध्ये पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनात सर्व दिशांकडून सारखीच येणारी खरखर ऐकू येऊ लागली; अँटेनातली कबुतरांची विष्ठा साफ करूनही ती थांबली नाही. ती खरखर म्हणजेच ते प्रारण होते. त्याचे तापमान आज 2.725 केल्विन मोजले जाते आणि तो प्रकाश विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना निघालेला आहे. आरंभीचा क्षण आपण पाहिलेला नाही, हे खरे. पण कोवळे विश्व आपण पाहतो आहोत.

तिसऱ्या आक्षेपाचा दोष काही अंशी नावाकडे जातो, कारण ‘बिग बँग’ हा शब्द 1949 मध्ये रेडिओवर प्रथम वापरणारे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल या सिद्धांताचे विरोधकच होते. रिकाम्या जागेत काही फुटले, असे सिद्धांत म्हणत नाही. अवकाशच प्रसरण पावते आहे, असे तो म्हणतो. हे प्रसरण सुरू होण्याआधी काय होते, हा प्रश्न आजही खुला आहे आणि शिक्षकांनी तो वर्गात खुलाच ठेवला पाहिजे.

श्रद्धेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांपासून वेगळाच राहावा, असा त्यांचा आग्रह होता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे : विश्वाच्या वयाचा ‘1380 कोटी वर्षे’ हा आकडा मुले पाठ करतात, पण तो आला कुठून, हे त्यांना कोणी सांगत नाही. दीर्घिकांची अंतरे आणि त्यांचे दूर जाण्याचे वेग आलेखावर मांडून, त्यातून जाणाऱ्या रेषेचा उतार काढून विश्वाच्या वयाचा ढोबळ अंदाज करणे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे आहे.