"त्यानं सोडवलंय मला, मामा"

"मामा, त्यानं सोडवलंय मला. आता त्याला न्हाई कसं म्हणू?"

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपात, लेथशेजारच्या स्टुलावर बसून एका 17 वर्षांच्या पोरानं मला हे विचारलं, त्याला आता तीन वर्षं झाली. त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेत 'गुन्हेगारीपासून दूर राहा' असा पोलिसांचा कार्यक्रम होता. साहेब मनापासून बोलले. कोयता घेऊन रील टाकलं तर काय होतं, एकदा गुन्हा दाखल झाला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत काय होतं, सगळं सांगितलं. शेवटी शपथ झाली, फोटो झाला. मी मागच्या ओळीत बसलो होतो आणि डोक्यात सारखं त्या पोराचं वाक्य फिरत होतं. त्यावर त्या तासाभरात एक शब्द आला नाही. म्हणून आज जरा लांब लिहितोय.

पोरगं आमच्याच गल्लीतलं. नाव लिहिणार नाही. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे, आणि ती नसती तरी लिहिलं नसतं. डाव्या पायानं सुरेख खेळायचं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारपासून तिथंच. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. दहावीत गणित राहिलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. एका मिरवणुकीत कुणीतरी त्याला चारचौघांत कानाखाली मारली. त्या रात्री त्याच्या बाजूनं उभा राहिला तो पलीकडच्या चौकातला एक दादा. आपल्या पेपरांत ज्याला फाळकूटदादा लिहितात, तसला. पुढच्या महिन्यात दादाच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक लागला. त्यात तळाला, शुभेच्छुकांच्या ओळीत, या पोराचा रुपयाएवढा फोटो. तो फलक बघायला पोर दिवसातून चार वेळा चौकात जायचं. मी डोळ्यांनी बघितलंय.

आपण मोठी माणसं 'संगत वाईट लागली' म्हणतो आणि मोकळे होतो. संगत वाईट आहे हे त्यालाही कळत होतं. पण तोवर त्याचा फोटो कुणी कुठं लावलाच नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. दोन गटांत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि मोठ्यांच्या बरोबर हे पोरही उचललं गेलं. त्याची आई रात्री तीनपर्यंत ठाण्याच्या पायरीवर बसून होती. कोणतं ठाणं ते सोडा, तिथली माणसंही दिवसभर बंदोबस्त करून दमलेली होती. पण त्या बाईला 'उद्या काय होणार' एवढं एका माणसानं सांगितलं नाही. दादाचा माणूस मात्र आला. सोबत वकील, हातात पाण्याची बाटली. "आक्का, घाबरू नका. भाऊ बघून घेतील." पोर सुटून आलं. आणि आठ दिवसांनी दादानं हिशेब सांगितला, पन्नास हजार गेले तुझ्यापायी. त्या दिवसापासून रात्री अपरात्री फोन यायला लागले. गाडी काढ. ही पिशवी ठेव. त्याच्या समोर जाऊन उभा राहा फक्त, काही करायचं नाही.

आता या गोष्टीत जे सगळ्यात जास्त टोचतं ते सांगतो, कारण ते मलाही फार उशिरा कळलं.

दादानं त्याला सोडवलंच नव्हतं.

18 वर्षांखालच्या मुलासाठी 2015 चा बाल न्याय कायदा आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. जामीन देणं हाच तिथं नियम आहे, जामीनदार असो वा नसो. सोडल्यावर मूल सराईतांच्या हाती पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचाच हेतू फसेल असं दिसलं, तरच अडवायचं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं मुलांना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे जे त्या पोराच्या हक्काचं होतं, तेच दादानं त्याला उपकार म्हणून विकलं. पन्नास हजाराला. आणि हे विकता आलं, कारण त्या पायरीवर खरी माहिती द्यायला कुणी नव्हतं.

माझं सगळं म्हणणं या एका रात्रीभोवती आहे. पोरांना टोळीपासून तोडायचं असेल तर पोलिसांनी त्या रात्री त्या पायरीवर पोचलं पाहिजे, दादाचा माणूस पोचायच्या आधी. शाळेतली भाषणं त्यानंतर करा.

भाषणांना नावं ठेवत नाही. पण या विषयावर मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळलं की हे जगात आधी करून झालंय. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात 1970 च्या दशकात पोरांना आत नेऊन कैद्यांकडून घाबरवायचा कार्यक्रम सुरू झाला. फार गाजला. नंतर अशा कार्यक्रमांचा नीट अभ्यास झाला, तेव्हा घाबरवून आणलेली पोरं इतरांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली. तिथल्याच फिनिक्स शहरात 1991 साली पोलिसांनीच वर्गात जाऊन शिकवायचा 'ग्रेट' नावाचा कार्यक्रम निघाला. त्याच्या पहिल्या मोठ्या पाहणीत पोरं टोळीत जायची थांबली असं काही दिसलं नाही. त्यांनी ते मान्य केलं, अभ्यासक्रम बदलला, सांगणं कमी करून पोरांकडून करून घेणं वाढवलं. राग आला की काय करायचं, दोस्ताला नाही कसं म्हणायचं, याचा सराव. पुढच्या पाहणीत त्या वर्गातली मुलं वर्षभरानं टोळीत असण्याची शक्यता 39 टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडं केरळ पोलिसांनी 2010 मध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट ही शाळकरी पोरांसाठीची योजना सुरू केली, 2018 पासून ती देशभर आठवी-नववीसाठी आली. चांगली गोष्ट आहे. पण आमचं पोर शाळेतच नव्हतं.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते स्कॉटलंडमधलं ग्लासगो. तिथंही पोरांच्या हातात बंदूक नव्हती, सुरा होता, आणि भांडणं गल्लीची. 2005 मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. पुढं 2008 पासून ते टोळीतल्या पोरांना कोर्टाच्या दालनात बोलवायला लागले. तिथं पोलीस स्पष्ट सांगायचे की यापुढं एकानं केलं तरी सगळ्या टोळीवर कारवाई होईल. मग फाटलेली तोंडं शिवणारे डॉक्टर बोलायचे. मग मुलगा गेलेली आई बोलायची. आणि शेवटी एक फोन नंबर मिळायचा. बाहेर पडायचं असेल तर फोन कर, काम, शिक्षण, व्यसनावर उपचार, सगळ्याला मदत करू. धाक आणि दार, दोन्ही एकाच खोलीत.

आपल्या पोराला ते दार एका हवालदारामुळं सापडलं. मारामारीनंतर पाचेक महिन्यांनी ते साध्या कपड्यांत माझ्या वर्कशॉपात आले. मुलांशी बोलताना गणवेश नको हा नियम आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. चहा घेतला आणि विचारलं, "पोरगं तुमचं ऐकतंय म्हणे. बोलवाल का?" त्याला त्यांनी ना दम दिला ना उपदेश केला. कागदावर लिहून दाखवलं, त्या दिवशी काय झालं आणि कुणाच्या पैशाशिवाय काय होणारच होतं. पोर बराच वेळ कागदाकडं बघत बसलं. मग म्हणालं, "म्हणजे माझं काय देणं न्हाई त्याचं?"

"एक रुपया नाही," हवालदार म्हणाले. "आणि तुला पिशवी ठेवायला लावणं हा त्याचा वेगळा गुन्हा आहे. लहान पोराला टोळीच्या कामाला वापरलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच लाख दंड."

नंतर ते दर आठवड्याला यायचे. पाच मिनिटं. कधी नुसतं "काय रे, जेवलास का?" एवढंच. दादाकडं ते एकदाच जाऊन आले, काय बोलले माहीत नाही, पण फोन थांबले. विधी सेवेचा वकील मिळाला. 18 पूर्ण झाल्यावर पोर माझ्याकडं लेथवर लागलं.

आणि मग हवालदारांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. म्हणजे ठाण्यात माणूस आला असेल, माझ्या दारात आला नाही. कायद्यानं प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. पण हे काम एका भल्या माणसाच्या स्वभावावर उभं असेल तर बदलीच्या एका आदेशानं ते बसतं. वहीत नोंद हवी, कुठल्या पोराकडं कोण जातं, आणि बदली होताना ती वही पुढच्याच्या हातात द्यायला हवी, नव्या माणसाला घेऊन एकदा त्या दारात यायला हवं.

आणखी एक. हे काम करायला पोलिसांनी सकाळी अकराला शाळेत येण्यापेक्षा रात्री नऊला तालमीत यावं. कोल्हापुराइतकी सोय कुठल्या शहराला आहे? पेठेपेठेत तालीम आहे, फुटबॉलचा संघ आहे, गणपती आहे, आणि ज्याच्यासमोर पोर अजून मान खाली घालतं असा एखादा वस्ताद आहे. पोलीस तालमीत येतात ते शांतता बैठकीला आणि आवाजाची नोटीस द्यायला. सणाच्या तोंडावर पोरांना ठाण्यात बोलावून बसवतात, तेव्हा मला शाहू महाराज आठवतात. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात त्यांना सरकारदरबारी द्यावी लागणारी हजेरी बंद केली. फासेपारध्यांना घरं दिली, काम दिलं, स्वतःच्या पहाऱ्यावर घेतलं. हे याच गावात झालंय.

काम देणं ही आपली बाजू आहे, ती पोलिसांवर ढकलू नका. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या माझ्या धंदेवाल्या भावांनो, माणूस मिळत नाही म्हणून आपण रोज ओरडतो. अशा एका पोराला एक वर्ष द्या. पहिले दोन महिने ते उशिरा येईल, मशीनवरचा जॉब बिघडवेल, फोनवर असेल. माझ्याकडंही तसंच झालं. दुसऱ्या महिन्यात मी त्याला काढून टाकणार होतो, हवालदारांनी हात जोडले म्हणून ठेवला.

या गणपतीत आमच्या मंडळानं मंडपाबाहेर एक फलक लावायचं ठरवलंय. त्यावर कुणाचा फोटो नाही. पोर पकडलं गेलं तर आईबापानं काय करायचं ते चार ओळींत, विधी सेवेचा 15100 आणि चाइल्डलाइनचा 1098. मजकूर मी लिहिला आणि त्या पोराला वाचायला दिला. आता 20 वर्षांचं आहे ते. वाचून म्हणालं, "मामा, 'वकिलाला पैसे लागत नाहीत' हे सगळ्यात मोठ्या अक्षरात घ्या. आई लांबनंच वाचती, चष्मा न्हाई तिला."