काळ्या वाटाण्याची उसळ आणि माझी मान

आज सकाळी पावणेदहाला रत्नागिरीत मारुती मंदिराच्या जरा पुढे माझ्या डब्यातली काळ्या वाटाण्याची उसळ डांबरावर सांडली. पाठोपाठ मीही. कडेला उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचं दार फाडकन उघडलं, माझ्या सायकलचं हँडल त्यात अडकलं आणि मी उजव्या कोपरावर आपटले. मागून येणारी एसटी दहा-बारा हात लांब होती, म्हणून ही पोस्ट लिहितेय.

गाडीवाला उतरला. तिशीतला असेल. लागलं का, वगैरे काही नाही. म्हणाला काय, "काकू, या वयात कशाला सायकल? आणि एवढी हौस असेल तर सकाळी सहाला भाट्याला जाऊन चालवा की."

हौस! अरे बाबा, मी कामावर चालले होते. दहाला सही करावी लागते मला. तू गाडीतून जातोस ते काम आणि मी सायकलवरून जाते ती हौस?

तुम्हा सगळ्यांना माझी मान माहीत आहे. मी नऊ वर्षं नाचणे गावातून खाली बाजारात सायकलने जाते-येते आणि त्यातली निदान सात वर्षं मान धरून बसते. तेल झालं, शेक झाला, एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, हाडं छान आहेत. असणारच. दुखणं हाडांत नाही, सवयीत आहे. सायकलवर बसलं की मी सारखी उजव्या खांद्यावरून मागे बघते. डंपर येतोय का, टेम्पो किती जवळ आलाय, हा बाइकवाला कुठून घुसणार. आपल्याकडे सायकल पायांनी कमी आणि मानेने जास्त चालवावी लागते.

हे मला कळलं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला. मागच्या वर्षी भाचीकडे पंधरा दिवस राहून आले, फोटोंचा भडिमार तुम्ही सोसलाच आहे. पण फोटोत न आलेली गोष्ट सांगते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीच्या ओट्याशी भाजी चिरताना लक्षात आलं, मान दुखत नाहीये. दिवसभर सायकलवर होते मी! पण मागे वळून बघितलंच नव्हतं. सायकलची वाट वेगळी, तांबूस डांबराची, मध्ये दगडी काठ नाहीतर झाडं. काही रस्त्यांवर तर उभ्या गाड्यांची रांगच सायकल आणि रहदारीच्या मध्ये, वर दार उघडायला पुरेल एवढी मोकळी पट्टी सोडलेली. म्हणजे उभी गाडी तिथे माझी भिंत होते. इथे तीच गाडी मला एसटीच्या पुढ्यात ढकलते. भाचीच्या शेजारची नऊ वर्षांची पोर एकटी शाळेत जायची. तिथल्या स्टेशनखाली 12,500 सायकली लावायची सोय आहे. मी आत जाऊन नुसती बघत उभी राहिले.

आता लगेच "ते युरोप आहे हो" म्हणणाऱ्यांसाठी: ते काही पहिल्यापासून तसे नव्हते. 1971 साली एवढ्याशा नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. मग 1973चं तेलसंकट आलं आणि सरकारलाही शहाणपण सुचलं. थंड देश नको असेल तर स्पेनमधलं सेव्हिल घ्या. रणरणत्या उन्हाचं गाव. 2006 नंतर चारेक वर्षांत गाड्या लावायच्या जागा काढून 120 किलोमीटरच्या आसपास वेगळ्या वाटा केल्या, आणि कोणी सायकल चालवत नव्हतं तिथे लोक चालवायला लागले. आधी वाट, मग सायकली. आपल्याकडे म्हणतात, सायकलवाले आहेतच किती? अहो, पोहणारे किती आहेत ते मोजून कोणी पूल बांधतं का?

चढ आहे, मान्य. संध्याकाळी येताना मी उतरून सायकल ढकलत चढते, त्यात लाज कसली. पाऊस आहे, तेही मान्य, जून-जुलैत मीसुद्धा रिक्षाने जाते. आणि गोखले नाक्यावर सायकलची वेगळी वाट बसणार नाही, हे मलाही दिसतं. तिथे नकोच. तिथे गाड्याही रांगतच जातात. पण मारुती मंदिराकडून साळवी स्टॉपकडे जाताना त्या मानाने रस्ता रुंद आहे ना? तिथे एका कडेने दिवसभर गाड्या झोपलेल्या असतात. त्यांना जागा आहे, मला नाही?

आणि कृपा करून पांढरा पट्टा मारून सायकलचं चित्र काढू नका. चित्रावर दुसऱ्या दिवशी वडापावची गाडी लागते. पुण्यातल्या मंडळींनी कमेंटमध्ये आपापले अनुभव लिहावेत. मला रंग नको, चिरे हवेत, जांभ्या दगडाचे. आपल्याकडे घराचा गडगा (कुंपणाची भिंत) जांभ्याचा, विहीर जांभ्याची, मग रस्त्याच्या कडेला चिऱ्याची एक ओळ का नाही? अधूनमधून पाणी जायला फट ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे पोहायची सोय होईल.

(हेल्मेटवर लिहायला कोणी बोटं मोडत असेल तर थांबा. उट्रेख्तला शंभरात पाच डोक्यांवरही मला हेल्मेट दिसलं नाही. इथे मी घालते, आजही घातलं होतं. दाराने कोपर फोडलं, तिथे हेल्मेट काय करणार?)

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

तो मुलगा अगदीच वाईट नव्हता. बोलताना त्याचा चावीचा हात थरथरत होता. घाबरला की माणूस शहाणपणा शिकवायला लागतो, आमचे हेही तसेच आहेत. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी पावसला भावाच्या गाडीतून उतरताना मीही असंच दार उघडलं होतं. एक बाइकवाला कसाबसा वाचला आणि जाताना जे बोलला ते इथे लिहिता येत नाही. बरोबर बोलला.

भाचीने तिकडची एक सवय दाखवली होती. दार जवळच्या हाताने उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डावा हात वापरायचा. करून बघा, खुर्चीत बसल्या बसल्या. खांदा वळतो आणि खांद्याबरोबर मान वळते, मागचं दिसतं. एवढंच. नऊ वर्षं माझीच मान वळतेय, आता जरा तुमचीही वळू दे की.

त्या गाडीवाल्याला हे सांगायचं राहिलं. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला. "वैनी, लागलं काय?" उत्तराची वाट न बघता त्याने सायकल उचलली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत पकडलं, हँडल दोन्ही हातांनी धरून एक हिसडा दिला. "झालं बघा सरळ." उसळीतले चार वाटाणे चपलेने गटारात ढकलले आणि गेला. आभार मानायलाही सापडला नाही.

सही लागली दहा वाजून बारा मिनिटांनी. हँडल अजून जरा डावीकडे ओढतंय, उद्या दाखवते. डब्याला मात्र कायमचा पोचा आलाय, झाकण बसत नाही. उद्या रस्सा नको, पोळी आणि सुकी भाजीच नेते.