कौशल्य तेच होतं, जागा गेली

एरवी आमच्या कट्ट्यावर वाद मास्तर पेटवतो. या वेळी काडी ऑडिटरने टाकली. "महामारीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ना, त्यातल्या निम्म्यांना नवीन काही शिकायचंच नव्हतं. स्किल वाढवलं नाही की असंच होतं," असं म्हणून तो ऐसपैस मांडी घालून बसला.

कॅप्टन टोकाला गप्प बसला होता. त्याला आम्ही थट्टेने कॅप्टन म्हणत नाही. तो खरंच विमान उडवतो.

"म्हणजे मला विमान येत नव्हतं म्हणून मी २०२० मध्ये घरी होतो?"

"तुझं वेगळं रे."

"काय वेगळं? ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. मग सिम्युलेटरमध्ये बसून ती भरून काढायची. विमानंच जमिनीवर, तर लँडिंग आणू कुठून? कौशल्य नव्हतं म्हणून काम थांबलं नाही, काम थांबलं म्हणून कौशल्याला गंज चढला."

हे बिनतोड होतं. पण ऑडिटर सहजी हार मानणारा नाही. "बाकी लोक लॅपटॉप उघडून बसलेच की घरी."

"किती लोक?" मास्तर सरसावला. "शिकागो विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्येच अमेरिकेतल्या कामांची छाननी केली. पूर्णपणे घरून होऊ शकतील अशी कामं निघाली ३७ टक्के. गरीब देशांत त्याहून कमी. उरलेल्यांना माणसाला नाहीतर वस्तूला हात लावावाच लागतो. तो काय अडाणीपणा झाला?"

"मी तर हातच लावते," सिस्टर म्हणाली. "आम्हाला टाळ्या मिळाल्या. त्या घेऊन काय करायचं ते कुणी सांगितलं नाही." मग ती थोडी थांबली. "आणि शिकण्याचं म्हणशील, तर मी साध्या वॉर्डातली. मला चार दिवसांत आयसीयूत नेऊन उभं केलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं करायचं म्हणजे चार-पाच जण लागतात. एक जण फक्त डोकं आणि नळी सांभाळतो. नळी हलली तर संपलं. हे व्हिडिओ बघून येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या सीनियरने माझा हात धरून दाबला, तेव्हा कळलं किती जोर लावायचा."

यावर कुणीच काही बोललं नाही. आमच्या कट्ट्यावर हे फार क्वचित घडतं.

ऑडिटरने मग आपलं हत्यार काढलं, म्हणजे आकडे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगभरातले कामाचे तास ८.८ टक्क्यांनी घटले, म्हणजे साधारण २५.५ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. गंमत पुढे आहे. वर्षभरात प्रत्यक्ष रोजगार बुडाला ११.४ कोटी जणांचा (बाकीच्यांचे नुसते तास कमी झाले), पण बेकारांची संख्या वाढली फक्त ३.३ कोटींनी. उरलेले ८.१ कोटी काम शोधायचेच थांबले, आणि जो शोधत नाही तो बेकारांत मोजला जात नाही. मला स्वतःला हा सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा वाटतो, आणि तो ऑडिटरचीच बाजू उलटवणारा होता. त्याच्या ते जरा उशिरा लक्षात आलं.

"बायकांचं काय?" सिस्टरने विचारलं.

"त्यांचा रोजगार ५ टक्के घटला, पुरुषांचा ३.९," तो पुटपुटला.

"शाळा बंद. पोरांपाशी कोण बसलं असेल, ते अपस्किलिंगमध्ये मोजलंस का?"

मास्तर तोवर चौदाव्या शतकात पोचला होता. प्लेगने माणसं इतकी मेली की इंग्लंडमध्ये उरलेले मजूर वाढीव मजुरी मागू लागले. राजाने १३४९ मध्ये हुकूम काढला, १३५१ मध्ये कायदाच केला: मजुरी साथीच्या आधीइतकीच. "कौशल्य तेच होतं रे. नांगर तोच. फक्त माणसं कमी झाली आणि भाव आला."

"मग या वेळी का नाही आला?"

"आला की थोडा. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ४.७ कोटी राजीनामे पडले. सर्वाधिक प्रमाण हॉटेल-रेस्टॉरंटांत. ज्यांना अकुशल म्हणून हिणवलं, तेच निघून गेल्यावर मालकांची तारांबळ."

कॅप्टन हसला. ऑडिटर मात्र नखं कुरतडत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खरं सांगू? माझ्याकडची दोन पोरं त्या काळात घरूनच रुजू झाली. सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा भारी चालवतात. पण समोरचा कागद दाखवताना काही लपवतोय, हे त्यांना कळत नाही. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो, फोनवर ते कसे बोलतात, कुठे गप्प होतात, ते कानावर पडायचं."

"मग बसव ना त्यांना शेजारी," सिस्टर म्हणाली.

"बसवलं असतं गं. पण आठवड्यातले तीन दिवस मीच घरून काम करतो."